पानामागची लव

मिरचीवर बोकड्या आला, म्हणजे पानं वळून आकसायला लागली, की गडी आधी पंप पाठीला लावतो. नंदुरबारच्या मिरची पट्ट्यात मी कृषी सहायक होतो. माझा हट्ट असायचा, आधी पान उलटून बघा. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला, झाड खुजं राहिलं, तर विषाणू. तो घेऊन येते पांढरी माशी. झाड हलवलं की पांढरा धुरळा उठतो, तीच.

मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. ही माशी 1889 मध्ये ग्रीसमध्ये तंबाखूवर शास्त्रज्ञांनी नोंदवली. आपल्याकडं तिनं खरा दणका दिला तो 1980 नंतर, गुंटूरच्या कपाशीवर. बोंडअळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी वर फवारणी झाली. त्यात माशीला खाणारे मित्रकीटक मेले आणि माशी मोकाट सुटली. गुंटूर हे मिरचीचंही माहेरघर, हे विसरू नये.

औषधाच्या या शर्यतीत झाडाला कुणी विचारलंच नाही. सगळ्या मिरच्या माशीला सारख्या गोड लागत नाहीत. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या आणि इंडोनेशियाच्या संशोधकांनी चाळीसहून अधिक वाण तपासून 2011 मध्ये निष्कर्ष मांडले. काही वाणांवर माशी फार टिकत नव्हती, अंडीही कमी घालत होती. पानावर लव कमी आणि वरचा मेणचट थर जाड, अशी झाडं तिला नकोशी. लवेच्या आडोशाला ती पानामागं निवांत बसते. जाड थरातून सोंड खुपसून रस ओढणं तिला जड जातं.

इथं एक घोळ नेहमी होतो. विषाणू सोसणारं झाड वेगळं आणि माशीलाच बसू न देणारं वेगळं. पाकिटावर 'रोगप्रतिकारक' छापलेलं असतं, ते बहुधा पहिल्या अर्थानं. आपण वाण निवडले ते रंग, तिखटपणा आणि उतारा पाहून. पानाची लव कोण मोजणार?

तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोत मिरचीच्या वाणांचे संग्रह आहेत. पण तुमच्या परसातली, आजीच्या बियाण्याची मिरची तिथं असेलच असं नाही. बोकड्याच्या वर्षातही ती हिरवीगार उभी राहिली, तर तिचं बी मोडू नका. कृषी विद्यापीठाला कळवा.