वळसंग ते वाळवंट

भाऊबीज झाली की फराळाच्या डब्यांना तळ दिसू लागतो आणि आमच्या वळसंगात पंढरीच्या गोष्टी सुरू होतात. कार्तिकी एकादशी आठ-नऊ दिवसांवर आलेली असते. गेल्या साली मीही पायी जायचे ठरविले. जातीचा शाळामास्तर, आधी वही काढली! पंचमीला निघायचे, दशमीला चंद्रभागेच्या वाळवंटात उतरायचे. सहा मजला, सुमारे शंभर किलोमीटर. सोलापूर, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढे, पंढरपूर, असे मुक्काम ओळीने मांडले आणि प्रत्येकापुढे एकेका नातलगाचे किंवा ओळखीच्या घराचे नाव लिहिले.

बरोबर येणार होता माझा बालमित्र. एका बाकावर बसून आम्ही बाराखडी गिरवलेली. त्याने वही वाचली आणि हसतच विचारले, "मास्तर, बरोबर कोण येतोय हे यांतल्या किती जणांना कळवलंस?"

मी गप्प झालो. त्याचे घर आमच्या गावच्या त्या प्रसिद्ध विहिरीजवळ आहे. पाणवठ्यावर अस्पृश्यांना मज्जाव असल्याच्या काळातली ती विहीर. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि तिचे पाणी प्याले. त्याची आजी त्या पिढीतली. तीही एकदा पायी पंढरीला गेली होती. महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीपर्यंत जाऊन, कळसाला हात जोडून परतली.

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली आणि माझ्या ध्यानात आले की या वाटेचा सारा इतिहासच एका प्रश्नाभोवती फिरतो आहे: वाटसरूला पाणी कोण देणार आणि पाठ कोण टेकू देणार?

पहिला मुक्काम सोलापूर. तेथे तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचे मंदिर आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळे खोदविले, असे परंपरा सांगते. या कोरड्या मुलखात तळे खोदणे हीच मोठी पूजा! त्याच शतकात पुढे मंगळवेढ्यास बसवेश्वर बिज्जलाच्या पदरी होते. सिद्धरामेश्वर मराठी मुलखाचे की कानडी, हा वाद आमच्या सीमेवरच्या गावांत कुणी घालीत नाही. आम्ही दोन्ही भाषांत पाणी मागतो.

तिऱ्ह्याला सीना ओलांडली की पुढे माचणूरला भीमा भेटते. तिच्या काठी ब्रह्मपुरीस औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत पडली होती. त्याच्या मुक्कामाची आखणी केवढी असेल! तंबू, हत्ती, तोफा, बाजार. आज तेथून टाळ वाजवीत जाणाऱ्याला त्यातले काही आठवतही नाही. उलट, शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीच्या पालखीला लष्करासारखी शिस्त लावून दिली: दिंड्यांचा क्रम, चोपदार, ठरलेले तळ. ती आजतागायत टिकली.

आणि मंगळवेढे. दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडणारे दामाजीपंत येथलेच. येथेच १३३८ साली गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीला नेल्या, असे सांगतात. ज्याला जिवंतपणी दाराबाहेर ठेवले, त्याची समाधी दारासमोर! ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले.

सकाळी उठून मी वहीतल्या प्रत्येक घरी विचारणा केली. बरोबर कोण, हे स्पष्ट सांगितले. दोघांनी म्हटले, "या की, दोन अंथरुणे घालतो." एकाला एकाएकी जागेची अडचण आठवली. त्याचे नाव मी खोडले आणि त्या गावी देवळाच्या ओवरीत झोपायचे ठरविले. त्या रात्री थंडी बरीच होती. मित्र म्हणाला, "माझ्यापायी तुझं हक्काचं घर गेलं." मी म्हटले, "ते घर होतं हा माझाच गैरसमज होता."

दशमीला आम्ही वाळवंटात उतरलो. वाळू गार होती, पाय सुजलेले. एकादशीला तासन् तास रांगेत उभे राहून दर्शन घेतले. परतताना तो चोखोबांच्या समाधीपाशी थांबला आणि पुष्कळ वेळ उभा राहिला. "आजी इथंच थांबली होती," एवढेच म्हणाला.

यंदा वही पुन्हा काढली आहे. पहिल्या पानावर या वेळी मुक्काम नाहीत. बरोबर येणाऱ्या माणसांची नावे आहेत. मुक्काम त्यांच्यामागून लिहायचे.