‘जर्मन’ : एका धातुनामाचा कालनिर्णय

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत ॲल्युमिनियमच्या भांड्यास ‘जर्मनचे’ किंवा ‘जर्मलचे’ भांडे म्हणतात. हा प्रयोग मराठीत अन्यत्रही आढळतो. त्यांपैकी ‘जर्मल’ हे रूप अनपेक्षित नाही. ‘निंब’चे ‘लिंब’ आणि ‘नवनीत’चे ‘लोणी’ होताना दोन अनुनासिक व्यंजनांपैकी एकाचा जसा ‘ल’ झाला, तसाच तो येथेही झाला आहे. प्रश्न आहे तो मूळ नावाचा व त्याच्या काळाचा; आणि त्याचे उत्तर व्याकरणात नसून धातुविद्येच्या इतिहासात आहे.

१८२७ साली व्हलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियमच्या साहाय्याने हा धातू वेगळा केला. त्यावरूनच हे नाव पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे हा धातू इतका महाग होता की, खेड्यातील चुलीवर तो येणे शक्य नव्हते. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी, परस्परांचे कार्य ठाऊक नसताना, विद्युत् विच्छेदनाची एकच रीत शोधून काढली. बॉक्साइटपासून मिळणारे ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून, सुमारे ९६० अंश सेल्सिअस तापमानास त्यातून विद्युत्प्रवाह सोडला असता द्रवरूप धातू तळाशी साचतो आणि ऑक्सिजनचा कार्बनच्या धनाग्राशी संयोग होतो. या रीतीनेच हा धातू स्वस्त झाला. मद्रास येथे चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला तो १८९८ साली. तेव्हा या भांड्यांच्या संदर्भातील ‘जर्मन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचा असू शकत नाही.

मग नाव जर्मनीचेच का? तांबे, निकेल व जस्त यांच्या पांढऱ्या मिश्रधातूस, त्यात चांदीचा अंशही नसताना, ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणत. मागाहून आलेल्या पांढऱ्या धातूस तेच नाव लागले असावे, असे मला वाटते.

१९४३ पासून केरळातील अलुपुरम येथे हा धातू भारतातच तयार होऊ लागला. त्याचे खनिज तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही सापडते. नाव मात्र परकेच राहिले. आज स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर व्यापले आहे आणि जर्मनच्या पातेल्याबरोबर हा शब्दही मागे पडत आहे. वृद्ध स्त्रियांच्या तोंडी तो अद्याप आहे, तोवरच विद्यार्थ्यांनी तो उच्चारासह टिपून घ्यावा.