न्हाणीघराचं दार, थिएटरचं दार

आल्फ्रेड हिचकॉक एका वैतागलेल्या बापाच्या पत्राचा किस्सा मोठ्या चवीनं सांगायचा. बापाची तक्रार अशी: मुलीनं क्लूझोचा 'ले दियाबोलिक' हा फ्रेंच चित्रपट पाहिला आणि टबात बसून अंघोळ करणं सोडलं. पुढे 'सायको' पाहिला आणि शॉवरखाली उभं राहणंही सोडलं. आता पोरीच्या जवळ जाववत नाही, काय करू? हिचकॉकचा सल्ला: ड्रायक्लीनिंगला पाठवा.

'सायको'वरच्या लेखांत हा किस्सा येतो, हशा घेतो आणि जातो. पत्र खरंच आलं होतं की स्वारीनं स्वतःच रचलं होतं, यात मला फारसा रस नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी टब, मग शॉवर. आधी क्लूझो, मग हिचकॉक. जगभर ज्या भीतीवर 'सायको'चं नाव लागलं आहे तिला एक थोरली बहीण आहे, हे हिचकॉक स्वतःच्या तोंडानं सांगून गेला. हा धागा धरून मागे गेलं की आणखी एक गोष्ट हाती लागते. 'सायको'नं अमेरिकन प्रेक्षकाला एक दुसरी सवय लावली, वेळेवर येऊन बसण्याची. तिचं माहेरही तेच आहे.

पाठ झालेली माहिती झटपट उरकतो. विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली एड गीन नावाचा खुनी पकडला गेला. त्याच राज्यात राहणाऱ्या रॉबर्ट ब्लॉकनं १९५९मध्ये 'सायको' ही कादंबरी काढली. हिचकॉकनं आपलं नाव कळू न देता दहा हजार डॉलरच्या आत तिचे हक्क पदरात पाडून घेतले. पॅरामाउंटनं हात आखडता घेतला तेव्हा पैसे स्वतःचे घातले, आपल्या टीव्ही मालिकेची माणसं कामाला लावली आणि आठेक लाख डॉलरांत कृष्णधवल चित्रपट पुरा केला. शॉवरच्या पाऊण मिनिटाच्या प्रसंगाला सात दिवस लागले, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वाहिलं आणि बर्नार्ड हर्मनच्या व्हायोलिनांनी उरलेलं काम केलं. १६ जून १९६० रोजी न्यूयॉर्कच्या डिमिल आणि बॅरोनेट या थिएटरांत 'सायको' लागला. यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत.

आता दाराकडे येऊ. त्या काळच्या अमेरिकेत बहुतेक थिएटरांत चित्रपट सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक चालूच असे. तिकीट काढायचं, अंधारात चाचपडत जागा धरायची, जिथून दिसेल तिथून पाहायचं, पुढच्या खेळात आपण आलो तो प्रसंग आला की उठून घरी जायचं. श्रीखंडापासून सुरुवात करून वरणभातावर उठावं तसा हा प्रकार. आपल्याकडे तीन-सहा-नऊच्या ठरलेल्या खेळांची सवय असलेल्यांना तो चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे उशिरा येणाऱ्याचं फार तर 'इंडियन न्यूज रिव्ह्यू' आणि फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट बुडायचा, आणि तो बुडावा म्हणून काही लोक मुद्दाम उशीर करायचे.

'सायको'ला मात्र फतवा निघाला: खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. थिएटरच्या आवारात हिचकॉकचा पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळा घड्याळाकडे बोट दाखवत उभा. जाहिरातीत बजावलेलं की मॅनेजरचा सख्खा भाऊ, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष किंवा इंग्लंडची राणी आली तरी हाच नियम लागू. रांगा सांभाळायच्या कशा, डोअरकीपरनं बोलायचं काय, याची पुस्तिका थिएटरवाल्यांना पाठवली. समीक्षकांसाठी वेगळा खेळ ठेवला नाही. त्यांनाही पब्लिकबरोबर रांगेत उभं केलं. थिएटरवाल्यांनी आधी कुरकुर केली. उभं गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे काय! पण फुटपाथवर वळसे घेणारी रांग ही फुकटची जाहिरात आहे हे गल्ला मोजताना त्यांच्या लक्षात आलं.

या बंदीचं कारण हिचकॉकनं पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोला सांगितलं. जेनेट ली ही चित्रपटातली मोठी तारका, आणि ती चित्रपट अर्ध्यावर येण्याआधीच मरते. उशिरा आलेला माणूस तिची वाट पाहत बसेल आणि खुनाचा प्रेक्षक होण्याऐवजी तिकिटाचे पैसे बुडाल्याची तक्रार करील. कारण पटण्यासारखं आहे. पण कारण पटलं म्हणजे युक्ती त्याची ठरते असं नाही. बहुतेक चरित्रकार इथे टाळ्या वाजवून थांबतात. माझं खरं भांडण इथूनच सुरू होतं.

आंरी-जॉर्ज क्लूझोचा 'ले दियाबोलिक' १९५५च्या जानेवारीत पॅरिसमध्ये लागला. एका खासगी शाळेचा जुलमी मालक, त्याची हृदयविकारानं पिचलेली बायको आणि त्याची ठेवलेली बाई. दोघी मिळून त्याला टबात बुडवून मारतात, प्रेत शाळेच्या पोहण्याच्या तलावात टाकतात. तलाव उपसला तर प्रेत नाही. पुढचं मी सांगणार नाही, कारण शेवटी पडद्यावर प्रेक्षकांना चक्क विनवलं आहे की मित्रांच्या मजेवर विरजण घालू नका. आणि हा खेळ सुरू झाला की थिएटरची दारं बंद होत. त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रपट न्यूयॉर्कला गेला तेव्हा ही शिस्तही बरोबर गेली. 'सायको'च्या आधी साडेचार वर्षं. उशीर झालेल्याला बाहेर ठेवायचं आणि पाहून निघालेल्याला गप्प करायचं, ही जोडी पॅरिसमध्ये तयार झाली.

प्रतिपक्षाचे मुद्दे मला माहीत आहेत. पहिला, गुपित राखण्याची विनंती क्लूझोचीही नव्हे. बरोबर. १९२६च्या 'द बॅट' या मूकपटाच्या आरंभीच खुनी कोण ते बाहेर फोडू नका अशी पाटी होती, आणि लंडनमध्ये १९५२पासून चालू असलेल्या अगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या शेवटीही तशी विनंती केली जाते. पण त्यात तोंड बंद करायला सांगितलं आहे, दार बंद करायला नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार. दार बंद करण्याचा मान संगीतवाल्यांचा म्हणतात. वाग्नरच्या बायरॉइटमध्ये १८७६पासून अंधार आणि शिस्त होती. व्हिएन्नाच्या ऑपेराची सूत्रं १८९७मध्ये हाती घेतल्यावर माहलरनं उशिरा येणाऱ्या बड्या असामींना बाहेर ताटकळत ठेवलं आणि शिव्याही खाल्ल्या. आपल्या नाटकांतली तिसरी घंटाही याच गोत्रातली म्हणता येईल. पण तिथला दरारा कलेच्या मानाचा आहे. तुम्ही उशिरा आलात तर गायकाचा अपमान होतो. क्लूझोच्या दारात अपमानाचा प्रश्न नाही, नुकसान तुमचं आहे. प्रेक्षकाला धाकात ठेवायचं तेही त्याच्याच फायद्याचं म्हणून, ही कल्पना बायरॉइटमध्ये सापडत नाही.

तिसरे म्हणतात, 'बेन-हर'सारख्या खर्चिक चित्रपटांना ठरलेल्या वेळा आणि राखीव जागा आधीपासून होत्याच. होत्या, पण ती महागड्या तिकिटांची ऐट होती. नाक्यावरच्या साध्या थिएटराला ती शिस्त 'सायको'नं लावली.

मग पॅरिसची युक्ती हिचकॉककडे पोचली कशी? मधला दुवा मला वाटतं विल्यम कॅसल. स्वस्तातले भयपट काढून तमाशा करणारा हा गृहस्थ आत्मचरित्रात सांगतो की 'दियाबोलिक'साठी लागलेली लांबलचक रांग पाहून आपणही लोकांना असं घाबरवायचं हे त्याच्या डोक्यात आलं. १९५८च्या 'मकाब्र'ला त्यानं प्रत्येक प्रेक्षकाचा हजार डॉलरांचा विमा लंडनच्या लॉइड्सकडे उतरवला. भीतीनं मेलात तर पैसे घरच्यांना. पुढच्या वर्षी 'द टिंगलर' काढला. खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रं बसवली हे सगळे सांगतात. त्यातला न्हाणीघराचा प्रसंग मात्र कोणी फारसा सांगत नाही. कृष्णधवल चित्रपटात अचानक लालभडक रक्तानं भरलेला टब, आणि त्यातून वर येणारा हात! क्लूझोचा टब अटलांटिक ओलांडून आला तो हा असा. कॅसलसारख्यांचे स्वस्त चित्रपट एवढा धंदा करतात, तर चांगल्या हाताच्या माणसानं तसा एक काढला तर काय होईल, या हिशेबातून 'सायको' जन्मला हे हिचकॉकचे अभ्यासकही मानतात. दाराची युक्ती त्यानं थेट क्लूझोकडून घेतली की कॅसलच्या गल्ल्याकडे पाहून, याचा कागद नाही. माझा कौल दोन्हींना आहे: दार क्लूझोचं, धिटाई कॅसलची.

शिवाय हिचकॉकच्या मनात सल होता, असं मला ठामपणे वाटतं. 'दियाबोलिक' ज्या कादंबरीवर बेतला ती ब्वालो आणि नार्सजाक या जोडीची. तिचे हक्क हिचकॉकलाही हवे होते आणि क्लूझोनं काही तासांनी बाजी मारली, अशी दंतकथा आहे. त्रुफो तर म्हणायचा की या जोडीनं पुढची कादंबरी खास हिचकॉकसाठी लिहिली. नार्सजाकनं नंतर ते नाकारलं. त्या दुसऱ्या कादंबरीचा 'व्हर्टिगो' झाला हे मात्र निर्विवाद. त्यात क्लूझोला 'फ्रेंच हिचकॉक' म्हणू लागलेले. अस्सल हिचकॉकला हे गोड लागलं असेल? 'व्हर्टिगो' रंगीत, भरजरी आणि तिकीट-खिडकीवर बेताचा. त्यानंतर एक चित्रपट सोडून तो कृष्णधवलकडे, न्हाणीघराकडे आणि बंद दाराकडे वळतो. हा योगायोग मला पचत नाही.

यावर एक आक्षेप उरतो. शॉवर तर ब्लॉकच्या कादंबरीतच आहे, हिचकॉकनं तो आयता घेतला. खरं आहे, कादंबरीत तर नायिकेचं मुंडकंच उडवलं आहे. पण आपला सर्वांत आवडता भयपट कोणता, या प्रश्नाला ब्लॉकनं दिलेलं उत्तर 'ले दियाबोलिक' असं होतं. आता बोला. शॉवर ब्लॉकला कुठे सुचला याचं साधं उत्तर असंही देता येईल की ओला, उघडा, डोळे मिटलेला माणूस सर्वांत असहाय असतो आणि पाण्याच्या आवाजात पाऊल ऐकू येत नाही. बादली-तांब्याच्या अंघोळीतही डोळ्यांत साबण गेला की क्षणभर तसं होतं. पण १९५५नंतर कोणत्याही भयकथाकाराला न्हाणीघर कोरं राहिलं नव्हतं, एवढं म्हणायला मी कचरत नाही.

प्रेक्षकांवरचा परिणाम म्हणाल तर पहिली बळी खुद्द जेनेट ली. तिनं १९९५मध्ये 'सायको'च्या निर्मितीवर पुस्तक लिहिलं, त्यात सांगितलं आहे की चित्रीकरणात तिला काही वाटलं नाही; पडद्यावर पाहिल्यावर मात्र तिनं शॉवर सोडला. टब नसेल आणि इलाजच नसेल तर ती घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची, पण न्हाणीघराचं दार आणि शॉवरचा पडदा उघडा ठेवायची, तोंड बाहेरच्या बाजूला करून. 'ऑब्झर्व्हर'च्या सी. ए. लजून यांनी वेगळा मार्ग पत्करला. लंडनच्या या ज्येष्ठ समीक्षक हिचकॉकला त्याच्या उमेदवारीपासून ओळखणाऱ्या. त्या 'सायको' अर्ध्यातून टाकून उठल्या आणि त्याच वर्षी त्यांनी समीक्षेलाच रामराम ठोकला. आत यायला बंदी होती, बाहेर जायला नव्हती.

ही फट कॅसलनं बरोबर हेरली. १९६१मध्ये त्यानं 'सायको'ची सरळसरळ नक्कल असलेला 'होमिसायडल' काढला आणि शेवटाआधी पंचेचाळीस सेकंद चित्रपट थांबवला. भीती वाटत असेल तर आत्ता उठा, पैसे परत. मात्र परत घेणाऱ्याला सगळ्यांच्या देखत 'भित्र्यांच्या कोपऱ्या'त जाऊन बसावं लागे. क्लूझोचं दार कॅसलकडून हिचकॉककडे आणि हिचकॉककडून परत कॅसलकडे आलं, ते उलट्या बाजूनं उघडत.

एकट्या 'सायको'नं अमेरिकेतले अखंड खेळ बंद पाडले, असं काही उत्साही मंडळी लिहितात. ते खरं नाही; पुढेही कित्येक वर्षं ते चालू राहिले. ते बंद पडायला टीव्हीनं घरी बसवलेला प्रेक्षक, जास्त पडद्यांची थिएटरं अशी इतर कारणंही लागली. पण उशिरा येण्यात आपलं काही हरवतं, हे साध्या थिएटरातल्या साध्या प्रेक्षकाला 'सायको'च्या रांगेत कळलं. त्याचं श्रेय हिचकॉकला द्यायला माझी हरकत नाही. कल्पनेचं श्रेय मात्र क्लूझोच्या नावे जमा करा.

आणि दोन्ही चित्रपट अजून पाहिले नसतील, तर आधी 'दियाबोलिक' पाहा, 'सायको' नंतर. मोबाइल बंद ठेवून, पहिल्या मिनिटापासून. आणि पाहून झाल्यावर शेवट कोणाला सांगू नका.