फोड नसलेल्या रोगाची लस

‘लस’ हा शब्द औषधाच्या बाटलीत उशिरा शिरला. त्याआधी लस म्हणजे फोडातून किंवा खरचटलेल्या जागेतून झिरपणारा पातळ, चिकट द्राव. गोदेवीच्या, म्हणजे गायींना येणाऱ्या देवीच्या, फोडातली अशी लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेत नेत बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी ती ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले लसीकरण. शब्द आणि वस्तू तेव्हा एकच होती.

फ्लूची अडचण नेमकी इथेच होती. या रोगाला फोड येत नाही. टोचायला घ्यायचे काय? १९१८च्या साथीत आळ एका जिवाणूवर होता. तो मारून त्याच्या लशी करण्यात आल्या, टोचण्यातही आल्या. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. खरा गुन्हेगार जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून सहज पार होत होता.

तो १९३३ साली लंडनमध्ये सापडला. विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांना गुळण्या करायला लावल्या, ते पाणी गाळले आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप चढला. विषाणू हाती आला, पण लाखो माणसांपुरता तो वाढवायचा कुठे?

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये याचे उत्तर आधीच तयार होते. १९३१ साली ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू उबवत्या अंड्यात वाढवून दाखवला होता. नाव बहुधा गुडपाश्चर यांचेच घेतले जाते. वुडरफ यांचेही तितक्याच आदराने घ्यायला हवे, कारण अंड्यांवरचे ते जिकिरीचे काम त्यांच्या हातचे होते. पुढे मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी फ्लूचा विषाणू अंड्यात रुजवला. रीत आजही जवळजवळ तीच आहे: दहा-अकरा दिवस उबवलेले अंडे घ्यायचे, कवचाला भोक पाडून आत विषाणू सोडायचा, दोन-तीन दिवस पुन्हा उबेत ठेवायचे आणि गर्भालगतच्या पिशवीतले पाणी काढून घ्यायचे. ते पाणी विषाणूंनी गच्च भरलेले असते. फोड न येणाऱ्या रोगाची लस अशी अंड्यातून झिरपली. मराठीतला जुना अर्थ इथे पुन्हा खरा ठरला, याचे मला फार अप्रूप वाटते.

हे अंड्यातले पाणी म्हणजे फ्लूच्या लशींचे मूळ घराणे. पुढचा प्रत्येक प्रकार आधीच्यातली एखादी खोड काढण्यासाठी जन्मला. दवाखान्यात ‘यातली कोणती घेऊ?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा ही वंशावळ माहीत असली की उत्तर सोपे होते.

थॉमस फ्रान्सिस आणि तरुण जोनास साल्क यांनी मिशिगन विद्यापीठात विषाणू फॉर्मेलिनने मारून लस केली. १९४५ साली ती अमेरिकी सैन्याला मिळाली, पुढच्या वर्षी नागरिकांना. १९४७ साली ती सपशेल पडली, कारण विषाणूने रूप पालटले होते. म्हणून १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने जगभर पाळत ठेवणारे जाळे विणले. आता वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरते.

अख्ख्या विषाणूच्या त्या लशीने दंड सुजायचा, तापही यायचा. मग युरेनियम वेगळे करण्याच्या तंत्रातून निघालेल्या वेगवान फिरत्या यंत्रांनी ती शुद्ध होऊ लागली. पुढे विषाणूचे तुकडे करून फक्त कामाचे भाग ठेवले गेले. आज आपल्याकडे टोचली जाते ती बहुतेक याच कुळातली.

नाकात फवारायच्या लशीची कथा वेगळी. हुनैन मासाब यांनी १९६० सालचा एक विषाणू कमी कमी उष्णतेत वाढवत २५ अंशांवर आणला. गारव्याला सवकलेला हा विषाणू थंड नाकात वाढतो, पण उबदार फुफ्फुसात त्याचे काही चालत नाही. ही लस अमेरिकेत २००३ साली बाजारात आली. रशियातही लेनिनग्राडच्या १९५७ सालच्या विषाणूवर अशीच साधना झाली होती, आणि तो धागा थेट पुण्यात येतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. रस्तोरस्ती रुमाल बांधलेले चेहरे आणि नायडू रुग्णालयापुढच्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. वर्षभराच्या आत, जुलै २०१० मध्ये, सीरम इन्स्टिट्यूटने त्या लेनिनग्राड घराण्यातूनच नाकाची लस तयार करून दिली. हा विषाणू जिवंत असतो, म्हणून गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती खचलेल्यांना ती देत नाहीत. त्यांच्यासाठी सुईच.

म्हाताऱ्या शरीराला नेहमीचा डोस अपुरा पडतो. त्यावर इटलीत १९९७ साली तेलाचे सूक्ष्म थेंब मिसळलेली लस आली, तर अमेरिकेत २००९ साली प्रत्येक विषाणूचा घटक १५ऐवजी ६० मायक्रोग्रॅम असलेली. पासष्टी ओलांडलेल्यांनी, मिळत असेल तर, यांतली एक मागावी.

अंड्याचीही एक खोड आहे: त्यात वाढताना विषाणू कधी कधी थोडा बदलतो. म्हणून २०१३ साली अंड्याला आणि फ्लूच्या विषाणूला पूर्ण फाटा देणारी लस निघाली. तिचे प्रथिन किड्याच्या पेशींत तयार होते, आणि तो किडा म्हणजे आपल्या मक्याचे पोंगे कुरतडणारी अमेरिकन लष्करी अळी.

आकड्याच्या मागे मात्र लागू नका. चार घटकांची लस तीन घटकांच्या लशीपेक्षा भारी, असे दहा वर्षे सांगितले गेले, आणि तेव्हा त्याला कारणही होते. पण चौथा घटक ज्या विषाणूसाठी होता, तो यामागाता वंशाचा विषाणू मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच आढळलेला नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितले.

महाराष्ट्रात फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात. तेव्हा लस घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये, दक्षिण गोलार्धाच्या त्या वर्षीच्या सूत्राची. टोचून घेण्याआधी खोक्यावरचे वर्ष आणि गोलार्ध वाचून घ्या.