सोळावा स्वार

लक्ष्मीपूजन आटोपते, मुले फुलबाज्या संपवून पेंगू लागतात आणि मग आमच्या घरी सतरंजीवर रमीचा डाव पडतो. आमच्या मातोश्रींचा एक सिद्धान्त आहे. त्या म्हणतात, ‘ज्याच्या हाती जोकर आला त्याच्या खेळाचे कौतुक करू नये.’ जोकर हे पान मोठे चमत्कारिक. त्याला स्वतःचा रंग नाही, स्वतःची किंमत नाही. पण जिथे जागा अडली असेल तिथे त्याला बसवा, तो मुकाट्याने राजाचे काम करील. इंग्रज लोक अशा पानाला वाइल्ड कार्ड म्हणतात. हा शब्द पत्त्यांपुरताच आहे असे मी बरीच वर्षे समजून होतो. गेल्या दिवाळीत माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी भेटायला आला आणि त्याने आपल्या मोबाईलवर मला फटफट्यांची एक शर्यत दाखवली. ‘सर, हा जो सोळावा आहे ना, तो वाइल्ड कार्ड,’ असे तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. तो पुढे वर्षभर काही निघाला नाही. वाचकांनी त्याचे चार भोग आता माझ्याबरोबर भोगावेत.

त्या शर्यतीचे नाव स्पीडवे. आपल्याकडे ती कोणी पाहिलेली असण्याचा संभव कमी, म्हणून आधी तिचे वर्णन करतो. भुरभुरीत मातीचे एक लंबवर्तुळाकार मैदान. चार स्वार, चार फेऱ्या, आणि सगळा खेळ जेमतेम एका मिनिटाचा. गाडी पाचशे सीसीची, मिथेनॉलवर चालणारी. तिला गियर एकच आणि ब्रेक नाही! पुन्हा वाचा, छापखान्याची चूक नव्हे. ब्रेक नाहीच. वळण आले की स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, पोलादी तळव्याचा डावा बूट जमिनीवर टेकवतो, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला फिरवतो आणि मातीचा फवारा उडवीत आडवातिडवा बाहेर पडतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. तांबडे, निळे, पांढरे, पिवळे अशी चौघांची शिरस्त्राणे. त्यामुळे लहान मुलालासुद्धा कोण कुठे आहे ते कळते.

हा खेळ जन्मला तो मात्र खेड्यातल्या जत्रेत. ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंड नावाच्या गावी जॉनी हॉस्किन्स हा न्यूझीलंडचा गृहस्थ तिथल्या कृषी प्रदर्शन मंडळाचा चिटणीस होता. १५ डिसेंबर १९२३ रोजी विजेच्या दिव्यांच्या झगमगाटात जो मेळा भरला त्यात त्याने फटफट्यांची शर्यत घातली. हे वाचल्यावर मला त्या चिटणिसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. जत्रेत गर्दी कशी खेचावी ही चिंता आपल्याकडच्या प्रत्येक पंचकमिटीला असते. फक्त आपण बैल पळवतो. पुढे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात हाय बीच येथे इंग्रजांनी हा खेळ पाहिला आणि ते त्याच्या नादी लागले. आठ वर्षांत मजल थेट जागतिक अजिंक्यपदापर्यंत गेली.

ते पहिले अजिंक्यपद मोठे उद्बोधक आहे. १० सप्टेंबर १९३६, स्थळ लंडनचे वेम्ब्ली. त्या रात्री ब्लूई विल्किन्सन हा ऑस्ट्रेलियन स्वार पाच शर्यती धावला आणि पाचही जिंकला. पाच त्रिक पंधरा. याहून जास्त गुण त्या रात्री मिळवणे कुणालाच शक्य नव्हते. आणि जगज्जेता कोण झाला? लायोनेल व्हॅन प्राग. कारण आधीच्या फेऱ्यांतले अधिक गुण जमेस धरायचे असा नियम होता. त्या हिशेबात व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन बरोबरीत आले, दोघांची निर्णायक शर्यत झाली, आणि एकही शर्यत न हरलेला विल्किन्सन तिसऱ्या क्रमांकावर उभा राहिला. दोन वर्षांनी, १९३८ साली, त्याने ते पद मिळवले खरे. पण १९३६ सालच्या त्या रात्री घरी जाताना त्याने काय विचार केला असेल, हा माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला सतावणारा प्रश्न आहे.

पुढे ते अधिक गुण गेले आणि एका रात्रीचा निकाल हाच अंतिम ठरू लागला. पण त्यालाही दुसरी बाजू होतीच. एक रात्र म्हणजे एक रात्र. एक यंत्र बिघडले की वर्ष गेले. १९७३ साली पोलंडमध्ये होझूफ येथे लाखावर माणसांसमोर येझी श्चाकिएल हा घरचा स्वार आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर बरोबरीत आले. मॉगरने तोवर चारदा जग जिंकले होते. निर्णायक शर्यतीत मॉगर पडला आणि श्चाकिएल पोलंडचा पहिला जगज्जेता झाला. पोलंडला दुसरा जगज्जेता मिळायला २०१० साल उजाडावे लागले; तो टोमाश गोलोब.

एका रात्रीचे हे अंतिम सामने १९९४ साली डेन्मार्कमध्ये व्होयन्स येथे संपले. १९९५ पासून ग्रां प्री मालिका सुरू झाली. एका हंगामात अनेक देशांत अनेक फेऱ्या, आणि सर्वांची बेरीज करून जगज्जेता ठरायचा. यंत्र बिघडण्याची भीती कमी झाली. पण नवीच पंचाईत उभी राहिली. मालिका म्हटली की यादी आली, आणि यादी म्हटली की ती करणारे आले.

इथे थोडे गणित सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. शिक्षकाची खोड आहे. एका फेरीत सोळा स्वार असतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती, दर शर्यतीत तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे पुन्हा पाच त्रिक पंधरा. वीस शर्यतींचा तक्ता असा बेमालूम मांडलेला असतो की प्रत्येक स्वाराची उरलेल्या पंधरांशी एकदा, आणि एकदाच, गाठ पडते. कुणी सोप्या वाटेने गेला असे म्हणायला जागा राहत नाही. वाचकांनी फराळ झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन तो तक्ता मांडून पाहावा. तासाभराची करमणूक आहे. पंधरा स्वार घेतले तर प्रतिस्पर्धी चौदा, आणि चौदाला तीनाने भाग जात नाही. सतरा घेतले तर सोळा, तेही अडले. २००५ पासून मालिकेचे कायम स्वार पंधरा आहेत. म्हणजे प्रत्येक गावी तक्ता पुरा करायला एक माणूस कमी पडतो. त्या रिकाम्या चौकटीत जो येतो तो वाइल्ड कार्ड. बहुधा तो यजमान देशाचा असतो. एका रात्रीचा पाहुणा. पण त्या एका रात्रीत जगातल्या पंधराही निवडक स्वारांशी त्याला एकेकदा भिडायला मिळते.

कुणाला वाटेल, हा नुसता भरतीचा गडी. तसे समजणाऱ्यांचे दात घशात गेलेले आहेत. २००० साली, जेव्हा चोवीस स्वारांत दोन वाइल्ड कार्डे असत आणि दोनदा मागे पडलेला सरळ घरी जाई, तेव्हा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मार्टिन ड्युगार्ड असाच आला. मालिकेच्या कायम यादीत त्याचे नाव नव्हते. रात्र संपली तेव्हा ती फेरी त्याने जिंकलेली होती. पुढे तर ओळीने तीन वर्षे नवल घडले. २०१२ साली व्होयन्सला मायकेल येप्सेन येन्सेन, २०१३ साली पोलंडमध्ये तोरुनला आद्रियान म्येजिन्स्की, आणि २०१४ साली तिथेच गोझूफ गावी एकोणीस वर्षांचा बार्तोश झ्मार्झलिक. तिघेही सोळावे, तिघेही आपापल्या देशाच्या मातीवर, आणि तिघेही पहिले.

घरची माती हे त्यातले मर्म असावे. ब्रेक नसलेली गाडी वळणावर कुठे धरील आणि कुठे सोडील हे शेवटी माती ठरवते, आणि ती माती लहानपणापासून ज्याने तोंडात खाल्ली आहे त्याला ते अधिक ठाऊक. मोठमोठे स्वार आज या देशात, उद्या त्या देशात. त्यांना मैदान नव्याने वाचावे लागते. सोळाव्याला ते पाठ असते. शिवाय त्याला बेरजेची चिंता नाही. इतरांना हंगाम सांभाळायचा असतो, याला फक्त आजची रात्र.

पण खरी डोकेदुखी या सोळाव्याची नव्हे. ती कायम पंधरांतल्या काही जागांची आहे. दहाबारा वर्षांपूर्वी हिशेब असा होता: मागच्या हंगामातले पहिले आठ, पात्रता स्पर्धेतून आलेले तीन, आणि उरलेल्या चार जागा मंडळाने आपल्या पसंतीने भरायच्या. या चौघांनाही वाइल्ड कार्डच म्हणतात, पण ती पूर्ण हंगामाची. कुणाला घ्यावे? दुखापतीने मागे पडलेल्या जुन्या मल्लाला? उगवत्या पोराला? की अशा देशाच्या स्वाराला, ज्याचा एकही माणूस यादीत नाही आणि ज्याच्या प्रेक्षकांनी तिकिटे घेतली नाहीत तर मैदान ओस पडेल? पोलंडमध्ये चांगल्या स्वारांचे उदंड पीक. सगळे पोलिश घेतले तर जागतिक मालिका कसली? आणि न घेतले तर गुणाला न्याय कसला?

२०१३ च्या हंगामासाठी या चार जागांतली एक टाय वॉफिंडेन या इंग्रज तरुणाला मिळाली. त्याची हकीकत अशी. २०१० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो या मालिकेत उतरला होता. त्याच वर्षाच्या आरंभी त्याचे वडील, जे स्वतः स्वार होते, कर्करोगाने गेले. त्या हंगामात पोराच्या पदरी फारसे काही पडले नाही, आणि तो यादीतून बाहेर गेला. म्हणजे आता तो पहिल्या आठांत नव्हता, पात्रतेच्या दारातूनही आला नव्हता. मंडळाने हात धरून आत घेतलेला. कार्डिफला त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. तरीही तो हंगाम पुरा करायला परतला, आणि ऑक्टोबरात तोरुनला जगज्जेता झाला. गंमत अशी की म्येजिन्स्कीने जिंकलेली ती तोरुनची रात्र हीच. एकाच मैदानावर एका रात्री फेरी जिंकणारा बोलावलेला, आणि जग जिंकणाराही बोलावलेला!

मंडळाचे समर्थक वॉफिंडेनचे नाव घेतात ते साहजिकच आहे. पण माझे मन तेवढ्याने भरत नाही, आणि त्याला माझ्या धंद्यातले कारण आहे. तालुक्याच्या सामन्यांसाठी खो-खोचा संघ निवडायचा असला की आठ नावे आपोआप लिहिली जातात. नववे लिहिताना पेन थांबते. एका वर्षी मी एका पोराला घेतले आणि दुसऱ्याला ठेवले. घेतलेला उत्तम खेळला. लोकांनी माझी पाठ थोपटली. राहिलेला कसा खेळला असता? ते कुठल्याच वहीत लिहिलेले नाही. निवड करणाऱ्याच्या पाठीशी हा एक मोठा आडोसा असतो. ज्याला बोलावले त्याचे गुण फलकावर दिसतात. ज्याला बोलावले नाही त्याचा फलकच नसतो. पात्रता स्पर्धेत तिघे गेले त्या वर्षी चौथा आलेला कोण, हे आज कुणाच्या लक्षात आहे?

चुकण्याच्या वाटाही अनेक. अमेरिकेचा ग्रेग हॅनकॉक चारदा जगज्जेता; चौथे पद त्याने २०१६ साली मिळवले तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता. पत्नीच्या आजारपणामुळे २०१९ चा हंगाम तो खेळला नाही. तरी २०२० साठी त्याला बोलावणे गेले. कृतज्ञता म्हणावी तर योग्यच. पण त्या फेब्रुवारीत त्याने निवृत्तीच जाहीर केली, आणि जागा राखीव यादीकडे गेली. उलट आर्तेम लगुता हा रशियन २०२१ चा जगज्जेता. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियन स्वारांना बंदी झाली आणि जग जिंकलेल्या माणसाला ते राखायला उतरताच आले नाही. त्याची जागा त्याने मातीवर कमावली होती, कुणी दिलेली नव्हती; तीही गेली.

आता त्या गोझूफच्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून आटोपतो. २०१४ ही त्याची पहिली वेळ नव्हे. २०१२ साली, सतरा वर्षांचा असताना, गोझूफकरांनी त्याला सोळाव्या जागी उभे केले होते आणि तो तिसरा आला होता. २०१९ साली तो जगज्जेता झाला, मग २०२०, २०२२, २०२३ आणि २०२४ साली. मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या नावावर सहा-सहा अजिंक्यपदे. याची पाच झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये हंगामाची शेवटची फेरी व्होयन्सला होती, जिथे एका रात्रीचे सामने संपले त्याच गावी. समोर ब्रॅडी कर्ट्झ हा ऑस्ट्रेलियन, जो पात्रतेच्या दारातून आला होता आणि ज्याने ओळीने चार फेऱ्या जिंकल्या होत्या. त्या रात्री पाचवीही त्यानेच जिंकली. झ्मार्झलिक दुसरा आला. मग दोघांच्या हंगामाची बेरीज मांडली गेली, आणि एका गुणाने, फक्त एका गुणाने, सहावे पद गोझूफच्या त्या पोराकडे गेले.