गाय का उलटते? उरुळीकांचन ते आरमोरी

१/ गाय वेळेवर गाभण राहिली नाही, तर वासरू नाही, दूध नाही. चारा मात्र रोज लागतो. या तोट्यामागे कधी कधी बीजांडकोशातील ‘सिस्ट’, म्हणजे द्रवाने भरलेली गाठ असते. तिच्या उपचाराचा हा इतिहास.

२/ गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. तेव्हा पियुषिका ग्रंथीतून संप्रेरकाची लाट उसळते, बीजांडकोशातील पुटक फुटते व बीज बाहेर पडते. लाट आलीच नाही, तर पुटक फुटत नाही. अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठे होऊन तसेच राहते. हीच सिस्ट. अशा काही गाई सतत माज दाखवतात, काही मुळीच दाखवत नाहीत.

३/ जुन्या पशुवैद्यांचा उपाय सरळ होता : गुदमार्गे हात घालून गाठ बोटांनी फोडणे. कधी गुण येई. कधी रक्तस्राव होऊन बीजांडकोश भोवतालच्या भागाला चिकटे आणि गाय कायमची वांझ होई.

४/ १९४४ मध्ये अमेरिकेत कॅसिडा व सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा गाईंवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९७१ मध्ये ही लाट उठवणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाची रचना उलगडली. शॅली आणि गिलेमिन यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि बोटांची जागा इंजेक्शनने घेतली.

५/ त्याच काळात महाराष्ट्रातील गोठा बदलत होता. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला ‘बायफ’ची स्थापना केली. गोठित रेतमात्रांच्या साहाय्याने होल्स्टिन आणि जर्सी रक्ताच्या संकरित गाई गावोगाव पोहोचल्या. दूध वाढले.

६/ वाढलेल्या दुधाला तितकाच खुराक लागतो. व्यायल्यानंतर खाण्यातून मिळते त्याहून अधिक ऊर्जा दुधावाटे गेली, की संप्रेरकांची घडी विस्कटते. म्हणून सिस्ट ही मुख्यतः भरपूर दूध देणाऱ्या गाईची व्याधी.

७/ वैनगंगेकाठच्या आरमोरी परिसराची परंपरा निराळी. गडचिरोली-चंद्रपूरची ‘कठाणी’ गाय धानाच्या चिखलात राबणारे बैल देणारी. अलीकडेच तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. धानपट्ट्यातील मुख्य वैरण म्हणजे तणस, आणि तणसात प्रथिने व स्फुरद कमी. केवळ तिच्यावर जगणाऱ्या गाईचा बीजांडकोश गाठ न होताही निद्रिस्त होतो.

८/ तक्रार एकच, ‘गाय गाभण राहत नाही’. कारणे मात्र परस्परविरुद्ध. एकीकडे दुधाचा भार, दुसरीकडे पोटाची उपासमार. उपाशी गाईला केवळ इंजेक्शन देऊन भागत नाही. आणि तणसावर संकरित गाय बांधली, तर दोन्ही कारणे एकाच दावणीला येतात.

९/ स्वीडनने तिसरा मार्ग दाखवला. १९५० च्या दशकापासून, ज्या वळूंच्या मुलींत सिस्ट अधिक आढळे ते वळू पैदाशीतून वगळले गेले आणि प्रमाण लक्षणीय घटले. म्हणजे गाय उलटली, तर तपासणी एकट्या गाईची करून पुरत नाही : गव्हाणीत काय पडते आणि रेतमात्रा कोणत्या वळूची, हेही विचारावे लागते.