सार्वजनिक स्थळांतील खाजगीपणा
रस्ता, बाजार इ. खुल्या जागी वावरणाऱ्या व्यक्तीचा स्वतःच्या ओळखीवरील हक्क. लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी बाजारात माणसे एकमेकांना ओळखतातच; मात्र पाहिलेले विसरले जाते, यंत्राने टिपलेला चेहरा टिकतो व शोधता येतो. पोलीस पाळतीविषयीच्या खडकसिंग खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने खाजगीपणाचा मूलभूत हक्क अमान्य केला. पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने मान्य केला. सार्वजनिक जागी आल्याने खाजगीपणा लोपत नाही, असे मतही त्यात नोंदले गेले. २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नासिक इ. दहा शहरांत सुरू झालेल्या गूगलच्या मार्गदृश्य-सेवेत चेहरे अस्पष्ट केले जातात. पोलिसांच्या चेहरा-ओळख यंत्रणेचा हेतू याउलट असतो. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमानुसार केंद्र शासन आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. त्यामुळे या हक्काची खरी कसोटी तेथेच आहे.